वरच्या मजल्यावरचा सोयरा

माझी बायको आयुष्यात ज्या माणसाशी सगळ्यांत जास्त बोलली तो माणूस मी नव्हे. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तरी नव्हे. तो आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पुरती चार वर्षंही राहिला नाही, पण तेवढ्यात त्याने माझी बेचाळीस वर्षं मागे टाकली. आता तो नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी बोलणार नाही. पण मला त्याचा फार हेवा वाटायचा आणि अजूनही वाटतो, हे आधीच सांगून टाकतो.

वयाने तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात मात्र पहिल्या दिवसापासून एकेरीच. इथेही तसंच लिहितो आहे.

एसटीत कंडक्टर होता. काटोल, नरखेड, सावनेर या भागात बत्तीस वर्षं फिरला. चामड्याच्या बॅगेने त्याचा डावा खांदा कायमचा खाली गेलेला. उभा राहायचा तो पाय फाकवून, एक हात वर करून. आमच्या पोर्चमध्ये आला की हात आपोआप वरच्या जाळीला जायचा. प्रताप नगरातलं आमचं घर जणू पुढच्या वळणावर गचका देणार आहे.

खोल्या बघायला आला त्या दिवशी त्याने खोल्या बघितल्याच नाहीत. नळाला पाणी किती वेळ येतं, कूलरला खिडकी कोणती, काही नाही. मी किल्ल्या घेऊन जिन्यात उभा, आणि हा खाली माझ्या बायकोला विचारतो आहे, "बाई, तुमचं माहेर कोणतं जी?"

तिने गाव सांगितलं. त्याने विचारलं, मारुतीच्या पाराकडचं घर का विहिरीकडचं? तिने सांगितलं. मग आजोळ. मग मावशी कुठे दिली. मग मावशीच्या सासरची माणसं. पाचव्या प्रश्नाला त्याने जाळीवर थाप मारली.

"तुमच्या मावशीची नणंद आमच्या थोरल्या काकाले देल्ली! म्हणजे तुम्ही तं आमच्या बहीणच लागता! अन् हे," माझ्याकडे वळून तो म्हणाला, "आमचे भाऊजी."

मी काही बोलायच्या आत तो खुर्चीवर बसला होता आणि बायको चहाचं आधण ठेवायला आत गेली होती. घर मी भाड्याने दिलं, पण भाडेकरू तिने ठेवला.

नातं काढणं हा त्याचा धंदाच होता म्हणा ना. आपल्याकडे ते सगळेच करतात, पण हा माणूस नातं लागेपर्यंत सोडत नसे. भाजीवालीला, गॅस आणणाऱ्याला, मीटर वाचायला येणाऱ्याला, सगळ्यांना तोच प्रश्न: "कोण्या गावचे गा तुम्ही?" नात्यांची त्याने प्रतवारी लावली होती. पहिलं रक्ताचं, दुसरं लग्नाचं, तिसरं गावाचं, आणि शेवटचं गाडीचं. म्हणजे जो कधीकाळी त्याच्या बसमध्ये बसला होता तो. एकदा मी त्याच्याबरोबर जरीपटक्याच्या बाजारात चादरी आणायला गेलो. दुकानदार सिंधी. मनात म्हटलं, आता काढ बघू नातं. त्याने विचारत विचारत दुकानदाराच्या वडिलांपर्यंत मजल मारली. ते काटोलला आठवडी बाजारात कापड घेऊन यायचे, याच्याच गाडीने, आणि गठ्ठा टपावर चढवायला हाच हात लावायचा. दुकानदार गल्ल्यावरून उठला आणि त्याने याला आत नेऊन वडिलांचा फोटो दाखवला. मी चादरी धरून बाहेर उभा.

मेट्रो मात्र त्याला आवडली नाही. एकदाच बसला. घरी येऊन म्हणाला, "सारे मोबाईलमंधी. अन् कंडक्टर नाही. मंग इचारावं कोणाले?"

आता माझं सांगतो. मी सिंचन खात्यात आरेखक होतो. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे. नकाशा काढताना बोलायचं नसतं, बोललं की हात हलतो. ती सवय घरीही आली. मला माझ्या सख्ख्या चुलत भावांची नावं क्रमाने सांगता येत नाहीत. लग्नकार्यात मी जेवून निघतो. बायको पूर्वी सांगायची, आज अमकी भेटली, ती तमक्याची सून. मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, "बरं." हळूहळू तिने सांगणं सोडलं. मला वाटलं, संसार शांत झाला.

तो राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी बायकोचं विसरणं सुरू झालं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली, कशाला गेले होते म्हणून मलाच विचारायला. मुलीचा पुण्याहून फोन येऊन गेला की दहा मिनिटांनी विचारायची, पोरीचा फोन नाही आला का? सदरला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि मला समोर बसवून सांगितलं, "हे बरं होणारं नाही. पण सावकाश जाईल असं बघता येतं. कोडी सोडवू द्या, नाही असं नाही. पण समोर माणूस हवा. ऐकायचं, आठवायचं, शब्द शोधायचा, चुकलं तर सावरायचं, हे सगळं गप्पांमध्ये एकदम होतं. त्यांना बोलत्या ठेवा. बोलणं बंद पडलं की फार झपाट्याने उतरतात."

मी ते काम खात्याचं असल्यासारखं अंगावर घेतलं. कपाटांवर, डब्यांवर सुबक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. रोज सकाळी चहानंतर प्रश्न. आज वार कोणता? महिना कोणता? सकाळी काय खाल्लं? मुलीच्या मुलाचं नाव काय? चुकली की मी बरोबर उत्तर सांगायचो आणि पुन्हा विचारायचो. ती हात पदरात घेऊन बसायची, शाळेत उभं केलेल्या पोरीसारखी. तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मला वाटायचं, मेहनत कमी पडते आहे. मी प्रश्न वाढवले.

आणि दुपारी चारला तो खाली यायचा.

चारच्या आधीच ती पोर्चमध्ये दोन खुर्च्या मांडायची. वार विसरणारी बाई चार वाजलेले विसरत नव्हती. मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचो आणि एक अक्षरही न वाचता सगळं ऐकायचो.

"बाई, तुमच्या मामाच्या घरी ते हिरव्या लुगड्याची म्हातारी कोण होती वं?"

"हिरव्या नाही, जांभळ्या. ते मामाची सासू. तिले रातचं दिसत नव्हतं, तरी कणकेचे सरगुंडे बोटाबोटानं सारखे वळे."

"तिचा पोरगा मिलिट्रीत होता."

"पोरगा कुठला, जवाई! काय भाऊ तुम्ही बी, काईच्या काई सांगून राहिले."

आणि हसायची. मला ते हसू दाराच्या फटीतून ऐकावं लागायचं. माझी बायको, माझा पोर्च, चहासुद्धा माझ्याच घरचा, आणि मी आत चोरासारखा. सकाळी माझ्यासमोर नातवाचं नाव न आठवणारी बाई दुपारी त्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं होतं ते सांगायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर दवाखान्यात तो बरोबर आला होता, तेव्हा अर्ध्या तासात त्याने बाहेर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एकमेकांचे सोयरे करून टाकलं. माझी बायको मधोमध, सगळ्यांत मोठ्या आवाजात. डॉक्टर दार उघडून बघायला आले, काय लग्न लागलं की काय. तपासून झाल्यावर मला म्हणाले, "छान बोलताहेत. तुम्ही फार चांगलं करताय." मी ते श्रेय मान खाली घालून घेतलं. खरं सांगितलं नाही.

ज्या माणसाला एखाद्याचं काही चांगलं बघवत नाही, तो त्याची चूक शोधतो. मला नकाशे येतात. मी एक मोठा कागद घेतला आणि त्याने सांगितलेलं नातं रेघा मारून काढायला बसलो. मावशी, मावशीचा नवरा, त्याची बहीण, आणि तिथून आडवी रेघ याच्या काकाकडे. मग काटोलला बायकोच्या मावसबहिणीला फोन लावला. अनेक वर्षांत मी तिला फोन केलेला नव्हता. तिला वाटलं, कोणी गेलं.

मी विचारलं, तुमच्या आत्याला अमक्या घरी दिलं होतं ना?

"त्या घरी? नाही जी! तिथं साक्षगंध झालं होतं फक्त. मंग मानपानावरून भांडणं झाले न लग्न मोडलं. आत्याले तं वर्धेकडं देल्ली. कोणं सांगतलं तुमाले?"

फोन ठेवला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी स्वतःच कपभर चहा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी चारला तो जिना उतरत होता तिथेच मी त्याला गाठलं. कागद उलगडून दाखवला. रेघ जिथे तुटत होती तिथे मी लाल फुली मारली होती.

"साक्षगंधाचं जेवण मी जेवलो जी," तो म्हणाला. "सहा वर्षांचा होतो. बुंदी होती."

"तुम्ही जेवलात. लग्न मोडलं. तुमच्या काकांचं लग्न पुढे दुसरीकडे झालं."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. सहा वर्षांच्या पोराला लग्न मोडल्याचं कोण सांगतं? त्याने बुंदी खाल्ली, वर्षभराने घरात पदर घेतलेली काकू बघितली, आणि साठ-पासष्ट वर्षं दोघी एकच धरून चालला. मग त्याने विचारलं, "मंग बाईसंगं माझं काईच नाही लागत?"

"काहीच नाही," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, ते म्हणताना फार गोड वाटलं.

"चूक झाली साहेब," तो म्हणाला. भाऊजीचा साहेब झालो, तेही मला तेव्हा बरंच वाटलं. "नातं नसन त्या घरी आपण बसत नाही. बाईमाणसासंगं गोष्टी सांगत बसा, लोकं काय म्हणन? गाडीमंधी बी बत्तीस वर्षं मी उभाच राहिलो, शीट रिकामी असली तरी."

आणि तो वर गेला. गेला तो गेलाच. जिना उतरायचा, फाटकाकडे सरळ जायचा, पोर्चकडे मानसुद्धा वळवायचा नाही.

बायकोने त्या दिवशी विचारलं, "भाऊ नाही आले?" मी म्हणालो, कामात आहेत. दुसऱ्या दिवशीही विचारलं. आठवडाभर दोन खुर्च्या मांडत होती. मग एकच मांडू लागली. मग तीही नाही. चार वाजता पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मी म्हटलं, आता माझी पाळी. तिच्याशेजारी तोच कागद घेऊन बसलो. "मामाच्या सासूचं नाव सांग." तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पदरात घेतले. मी हिरव्या लुगड्याचंही विचारून बघितलं. ती म्हणाली, "असन." दोन आठवड्यांत तिच्याकडे तीन-चार शब्द उरले. हो. नाही. असन. ठेवा. पुण्याहून मुलगी व्हिडिओवर म्हणाली, "बाबा, आई नुसती बघते. बोलत का नाही?" डॉक्टरांनी या खेपेला तपासणी निम्म्यावरच थांबवली. "मागच्या वेळेस तर गोष्टी सांगत होत्या. घरी कोणी येणं बंद झालं का?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. तिचं बोलणं मीच बंद पाडलं होतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

त्या रात्री मी वर जाऊन त्याला म्हणालो, "झालं गेलं विसरा, खाली येत चला." तो हात जोडून म्हणाला, "कोणत्या नात्यानं येऊ साहेब?" त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

म्हणून मी नातं शोधायला बसलो. तिच्या बाजूने वाट बंद होती, आता माझ्या बाजूने. जुन्या डायरीतून माझ्या नातेवाइकांचे नंबर काढले. काही बंद होते, दोन ठिकाणी माणूसच राहिला नव्हता. एका चुलत भावाने तर विचारलं, "कोण बोलून राहिला?" आणि सांगितल्यावरही त्याला खूण पटेना. आठ दिवस फोन करून हाती काही लागलं नाही. मग मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा नकाशा काढला. माझ्या वडिलांची धाकटी बहीण नरखेडच्या बाजूला दिलेली होती. तिच्या नावाखाली मी एक मुलगी काढली आणि तिथून आडवी रेघ मारून ती मुलगी याच्या मामाच्या गावी, मामेभावाच्या चुलतभावाला देऊन टाकली. रेघ इतकी सफाईदार होती की मलाच खरी वाटली.

चार वाजता त्याला खाली बोलावलं. तो दारातच उभा राहिला, हात वर जाळीला. बायको खुर्चीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी कागद धरून मोठ्याने वाचून दाखवलं.

त्याचं बोट कागदावरून खाली सरकत आलं आणि आडव्या रेघेवर थांबलं. त्याच्या मामाचं गाव. तिथलं घरन् घर त्याला पाठ. खोटं त्याला तिथल्या तिथे कळलं असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असन जी," तो म्हणाला. "हे मले ठाऊक नव्हतं."

मला ठाऊक नव्हतं, असं त्याला म्हणताना मी कधीच ऐकलं नव्हतं. तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला.

"खोटं काहून सांगून राहिले?"

बायको बोलली होती. हातात अर्धी सोललेली शेंग तशीच. ती माझ्याकडे बघत होती.

"त्या आत्याबाईले लेकरू कुठं होतं? शेवटचं दुखणं त्याईनं आपल्या घरी काढलं, तुम्ही तिकडं धरणावर होते, तीन महिने मी त्याईच्या उशाशी बसली. लेकरू नव्हतं म्हणून त्या वासरांचे बारसे करे. गाय व्याली की घुगऱ्या वाटे साऱ्या गावात. लोकं हासे, तरी करे. अन् तुम्ही त्याईले पोरगी आणून बसवली!"

महिनाभरात ती एवढं एका दमात बोलली नव्हती. मला भर दुपारी, परक्या माणसासमोर, बायकोने खोटारडा ठरवलं होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात तो उठला. हात जोडले आणि दाराकडे वळला. मला वाटलं, संपलं.

"तुम्ही कुठं चालले?" ती म्हणाली.

"नातं नाही न वं बाई." मग त्याचं त्यालाच कळलं, बहिणीला म्हणतात तसं बाई म्हणायचाही त्याला आता हक्क नाही. तो अडखळला. "काय म्हणू मी तुमाले?"

"काई नका म्हणू. बसा पहिले. वासरांचं आयका."

तो बसला. कडेला नाही, पुरता बसला. बत्तीस वर्षं गाडीत आणि त्यानंतर कुठल्याही घरात तो असा बिननात्याचा कधी बसला नसेल.

मी कागद हातात घेऊन मध्येच उभा. माझी आत्या, माझ्या रक्ताची, आणि तिने वासरांची बारशी केल्याचं मला आज कळत होतं. तीन महिने ती माझ्या घरी मरत होती. मी घरी आल्यावर बायकोने सांगितलंही असेल. मी "बरं" म्हणालो असेन.

मी आतली खुर्ची ओढून आणली आणि बसलो.

"नावं काय ठेवायची गं ती वासरांची?" मी विचारलं. ज्याचं उत्तर मला माहीत नाही असं मी तिला फार वर्षांत काही विचारलं नव्हतं.

तिने शेंग सुपात टाकली. एकेक वासरू आठवून, त्याचा रंग सांगून, तिने सगळी नावं सांगितली. सांगताना बघत मात्र त्याच्याकडे होती.